बोलीवरून ओळखलेला पेत्र: पुण्यात शिकणाऱ्या अचलपूरकडच्या मुलीला उत्तर

सलाम.

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडू, म्हणजे अशाच अवस्थेतल्या इतर मुलामुलींनाही उत्तराचा उपयोग होईल. तुझं गाव अचलपूर तालुक्यात, गावात ख्रिस्ती घरं तीनच. यंदा पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलीस, हॉस्टेलवर तीन महिने झाले. तोंड उघडलं की ‘काऊन’, ‘मले’, ‘करून राहिली’ निघतं, मुली हसतात, म्हणून बोलणंच कमी केलंस. एका रात्री रूममेटने तुझ्या बॅगेत पवित्र शास्त्र पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही ख्रिश्चन का गं?” तू म्हणालीस, “घरचे मानतात, माझं तसं काही नाही.” तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. पहिल्या चाचणीत ॲनाटॉमी राहिली. त्यात दाखल्यावर एक धर्म आणि घरात दुसरा. मग मी नेमकी कोण, आणि प्रभू मला इथे ओळखतो का, असं तू विचारलंस.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला २६ वा अध्याय काढ आणि ७३ वं वचन वाच. पेत्र हा प्रभू येशूचा शिष्य, गालीलचा, कोळी माणूस. यरुशलेमकरांच्या लेखी गालील म्हणजे आडगाव. प्रभूला पकडून नेलंय, रात्र आहे, पेत्र वाड्याच्या अंगणात अनोळखी लोकांत उभा आहे. तिथले लोक त्याला म्हणतात, तूही त्यांच्यातलाच, तुझी बोलीच सांगते. आणि लगेच पुढच्या वचनात तो शपथा वाहून म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. बोलीवरून ओळखलं जाण्याची धास्ती आणि प्रभूला नाकारणं, ही दोन्ही शास्त्रात अशी एकमेकांना लागून आली आहेत. हॉस्टेलच्या खोलीत तुझ्या तोंडून जे निघालं ते याच जातीचं होतं. त्यामुळे तू काही न ऐकलेलं, न घडलेलं पाप केलंस असं मनात धरून बसू नकोस.

आता योहानाचं शुभवर्तमान घे. १८ व्या अध्यायात, १८ व्या वचनात, पेत्र शेकत उभा आहे तो कोळशाच्या विस्तवापाशी. २१ व्या अध्यायात, ९ व्या वचनात, पुनरुत्थानानंतर प्रभू समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून बसलेला आहे, त्यावर मासळी आणि शेजारी भाकर. मूळ ग्रीकमध्ये ‘कोळशाचा विस्तव’ हा शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. जिथे नाकारलं तसलीच जागा प्रभूने पुन्हा मांडली. पण ‘का नाकारलंस’ असं तो एकदाही विचारत नाही. आधी न्याहारीला बोलावतो. मग तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि दर वेळी काम सोपवतो.

यापुढचा भाग तुझ्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांत, दुसऱ्या अध्यायात, पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरला त्या) दिवशी हाच पेत्र त्याच शहरात हजारोंसमोर उभा राहून बोलतो. वल्हांडण सणापासून, म्हणजे नाकारलं त्या रात्रीपासून, तोवर जेमतेम सात आठवडे गेले होते. तेव्हाही लोक म्हणतात (२:७), हे बोलणारे सगळे गालीलकरच ना? म्हणजे बोली तीच होती, लोकांच्या लक्षात येत होती. सुटली होती ती भीती. तू तीन महिने बोली दुरुस्त करायच्या मागे लागली आहेस आणि भीतीला हातही लावलेला नाहीस. इथेच गफलत होते आहे.

तेव्हा पहिलं काम आजच कर. दार लावून, किंवा गच्चीवर जाऊन, झालेलं जसंच्या तसं प्रभूला सांग, आणि वऱ्हाडीत सांग. पुस्तकी मराठीत ‘हे दयाघन परमपित्या’ असं सुरू केलंस की मन बाजूला उभं राहून बघत बसतं. असं काही: “बापा, त्या रात्री तिनं इचारलं अन् मी तुले नाई म्हटलं. मले भेव वाटलं. वाटलं, ह्या पोरी अजून हासतीन. आता तुह्याशी बोलाचीबी लाज वाटून राहिली. तू मले सोडू नको.” एवढंच. दोन मिनिटं लागतील. रडू आलं तर येऊ दे. पण तीच प्रार्थना रोज रोज करू नकोस. एकदा कबूल केलेलं पुन्हा पुन्हा उकरत राहणं ही नम्रता नव्हे, पुढे त्याचा रोग होतो. दुसऱ्या दिवशी १ योहान १:९ वाच आणि त्या विषयावर पडदा टाक.

दुसरं काम रूममेटचं. ते आठवड्याच्या आत उरकावं, कारण जितकं लांबेल तितकं जड होतं. रात्री अकराला, चार जणी खोलीत असताना बोलू नकोस. दोघीच असताना, कपडे धुताना किंवा चहाला जाताना सांग. आधी वहीत लिही, दोनदा मोठ्याने म्हण. “त्या दिवशी मी घाबरून तसं म्हणाले. मी ख्रिस्ती आहे. रोज थोडं वाचते, प्रार्थना करते. तुला काही विचारायचं असेल तर विचार.” चार वाक्यांच्या पुढे जाऊ नकोस. बहुतेक वेळा समोरून “बरं” एवढंच येतं आणि विषय मेसच्या भाजीवर जातो. ती काही कुत्सित बोललीच, तर तिथे वाद घालायचा नाही. पेत्रानेच पुढे आपल्या पहिल्या पत्रात (३:१५-१६) लिहिलं आहे की तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. अंगणातल्या त्या रात्रीनंतर त्याने हे लिहिलंय, म्हणून त्याला वजन आहे.

नेहमी येणारे प्रश्न तीनच असतात, त्यांची उत्तरं तयार ठेव. “पैसे घेऊन झालात का?” याला: “नाही. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती आहोत.” (तुमच्या घरी जे खरं असेल तेच सांग, सजवू नकोस.) “आडनाव तर आपलं मराठी आहे?” याला: “आम्ही मराठीच आहोत.” आणि “म्हणजे तुम्ही इंग्रजांचा धर्म पाळता?” याला उत्तर द्यायला पंडिता रमाबाई माहीत हवी.

रमाबाई १८८३ साली वैद्यकीचं शिक्षण घ्यायच्या इराद्याने इंग्लंडला गेली. वय पंचवीसच्या घरात, नवरा वारलेला, कडेवर लहान मुलगी. कानाने कमी ऐकू येत असल्याने वैद्यकी राहिलीच. त्याच वर्षी वाँटेज इथे तिचा बाप्तिस्मा झाला. पण विश्वास धरला म्हणून ती इंग्रज झाली नाही. जेवण शाकाहारीच ठेवलं, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत हवीत, असा आग्रह धरला. पुढे केडगावला निराधार बायकामुलींसाठी मुक्ती मिशन उभारलं आणि हिब्रू व ग्रीक शिकून साऱ्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. ते तिच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण छापून आलं. शिकायला परमुलखात गेलेली, ठरलेलं शिक्षण हुकलेली, चारी बाजूंनी सल्ले देणाऱ्यांत अडकलेली बाई स्वतःची भाषा आणि ताट न सोडता ख्रिस्ताची झाली, हे तुला पुण्यात बसून आठवायला फार उपयोगी आहे. जवळचं नाव हवं असेल तर रेव्हरंड ना. वा. टिळक. नागपूर-राजनांदगावात वावरलेला हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला आणि येशूची भक्ती त्याने अभंगांत नि भजनांत गायली. आपल्या मंडळीत तबला-पेटीवर टिळकांची गीतं म्हणतात ती उगाच नाही.

आता ‘मी कोण’ या प्रश्नाकडे. गावात तुला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिथे तुझी ओळख इतरांनी सांभाळली होती. कोणाची पोरगी, कोणत्या गल्लीतली, रविवारी कुठे जातात, सगळ्या गावाला ठाऊक. चांगलं-वाईट दोन्ही अंगांनी, पण ठाऊक. पुण्यात हे सांभाळणारं कोणी नाही. म्हणून रिकामं वाटतं, आणि त्या रिकाम्या जागेत मार्क, इंग्रजी, कपडे, बोली हे सगळं येऊन बसतं. मार्काच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायात ११ व्या वचनात, बाप्तिस्म्याच्या वेळी पिता येशूला म्हणतो, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्कानं तोवर येशूचा एकही चमत्कार, एकही उपदेश सांगितलेला नाही. नातं आधी, काम नंतर. आणि लगेच अरण्यात सैतान पहिला घाव तिथेच घालतो: “तू देवाचा पुत्र असशील तर” दगडाच्या भाकरी करून दाखव (मत्तय ४:३). म्हणजे सिद्ध करून दाखव. ॲनाटॉमीच्या निकालाच्या दिवशी तुझ्या मनात जो आवाज आला, ‘तू खरंच इथे लायक असतीस तर पास झाली असतीस’, तो याच वळणाचा आहे. देवाने लढायला बोलावलेला गिदोनही शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो की माझं कूळ मनश्शेच्या वंशात सगळ्यात दरिद्री आणि घरात मी सगळ्यात लहान. देव त्याचं म्हणणं खोडतही नाही. मी तुझ्याबरोबर असेन, एवढंच म्हणतो.

यासाठी वहीचं एक पान दोन भागांत कर. डावीकडे दिवसभरात कानावर आलेलं किंवा मनात आलेलं, त्याच शब्दांत: ‘खेडवळ’, ‘इंग्लिश येत नाही हिला’. उजवीकडे त्यातलं खरं किती ते. इंग्रजी कच्चं आहे, हे खरं. म्हणून मी इथली नाही, हे खोटं. खऱ्यावर उपाय लिही, खोट्यापुढे वचन लिही. आठवड्याला दोन पानं पुरेत. रोज लिहिलंस तर स्वतःचीच जखम कुरवाळायची सवय लागते.

आणि ॲनाटॉमीला प्रार्थना पुरणार नाही, अभ्यास करावा लागेल. हे स्पष्ट लिहिलं, कारण आपल्या पोरांत एक चूक सर्रास होते: देवाशी सौदा. पास केलंस तर उपास करीन, साक्ष देईन. मग नापास झालं की मार्कांबरोबर विश्वासही जातो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला अवयवांची इंग्रजी नावं हाच मोठा डोंगर असतो. रोज दहा नावं घे. इंग्रजी स्पेलिंग, देवनागरीत उच्चार आणि आपल्या भाषेतला अर्थ अशा तीन रकान्यांत लिही, सकाळी मोठ्याने वाच, रात्री कोऱ्या आकृतीवर भर. रविवार सुट्टी धरली तरी महिन्याला अडीचशे होतात. वर्गात आठवड्याला एक प्रश्न विचारायचा नेम कर, प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेव. दुसऱ्या बाकावर बस, शेवटच्या नको. बोलीचं म्हणशील तर प्रमाण मराठी आणि कामापुरतं इंग्रजी शिकून घे, कारण ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगायची ती सगळ्यांना सारखी कळली पाहिजे. पण वॉर्डात गावाकडची आजी आली आणि घाबरून सुई घेईना, की तुझी बोली तिथे कामाची आहे. ती पुसून टाकू नकोस.

रोजच्या प्रार्थनेला वीस मिनिटं धर. सुरुवातीला पाच मिनिटं नुसतं गप्प बस, मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा बंद. मग दहा मिनिटं वाचन, मराठीतच, ओठ हलवून. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू कर. सोळाच अध्याय आहेत. रोज अर्धा वाचलास तर महिनाभरात होतो. शेवटची पाच मिनिटं प्रार्थना, त्यात एक नाव वर्गातल्या मुलीचं, एक वॉर्डातल्या पेशंटचं, एक घरचं. वेळ सकाळची, बाथरूमच्या रांगेआधीची. रात्रीची ठेवलीस तर पहिल्या आठवड्यातच झोप ती खाऊन टाकेल. नाईट ड्युटीच्या आठवड्यात वीस मिनिटं जमणार नाहीत, तेव्हा एकच स्तोत्र वाच, १२१ वं. आठ वचनांचं आहे, वाटसरूंचं गीत आहे, आणि ‘तुझा रक्षक झोप घेणार नाही’ हे त्यातलं वचन रात्रपाळीत वेगळंच लागतं.

मंडळी शोधणं हे मात्र पुढे ढकलायचं काम नाही. एकटीने मोबाईलवर उपदेश ऐकून विश्वास टिकतो असं वाटतं, पण आजारी पडल्यावर मोबाईल पेज घेऊन येत नाही. आधी घरच्या पाळकांकडून पत्र मागव. त्यात तुझं नाव, वडिलांचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर त्याची तारीख, प्रभुभोजनाला बसतेस का, पाळकांची सही, शिक्का आणि फोन नंबर एवढं असावं. कागदाचा फोटो चालतो, पण मूळ प्रत पोस्टाने मागवून ठेव. तुमची मंडळी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) असेल तर सोपं आहे. सहा मंडळ्या एकत्र येऊन ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच स्थापन झाली, आणि पुण्यातही तिची देवळं आहेत. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, ज्याला लोक पंचहौद चर्च म्हणतात, तिथली मंडळी मराठी आहे. विदर्भात अलायन्स, नाझरीन, फ्री मेथडिस्ट अशाही मंडळ्या आहेत; तुमची त्यातली असेल तर पाळकांनाच विचार की पुण्यात ओळखीचं कोण. बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी, पाळक जिथे शिकतात ती, १९८३ पर्यंत यवतमाळला होती, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या पाळकांच्या ओळखी तिथे निघू शकतात.

तीन ठिकाणं बघ, चार रविवारांत. सहाव्या रविवारच्या आत एक ठरव आणि वर्षभर बदलू नकोस. दर रविवारी नवं चर्च बघत फिरणाऱ्याला कुठेच कोणी नावाने हाक मारत नाही. निवडताना वाद्यं आणि स्क्रीन बघू नकोस. हॉस्टेलपासून बसने पाऊण तासाच्या आत आहे का, उपासना मराठीत आहे का, म्हाताऱ्या माणसांपासून पोरांपर्यंत सगळे आहेत का, आणि दुसऱ्या खेपेला कोणी नाव विचारलं का, हे बघ. आपणहून कर अशी एकच गोष्ट: तिसऱ्या रविवारी रविवारशाळेत किंवा चटया उचलायला मदत करू का, म्हणून विचार. कामाला हात लागला की पाहुणेपण सुटतं. दानपेटीत दहा रुपये टाकलेस तरी चालतात. घरून येणारा पैसा कापूस विकल्याच्या पट्टीतून येतो हे प्रभूला ठाऊक आहे, आणि दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) टाकणाऱ्या विधवेकडे त्यानेच बोट दाखवलं होतं.

काही ठिकाणांपासून मात्र लांब राहा. एकटी, गावाकडची, रडवेली मुलगी दिसली की घेरणारे गट शहरात असतात, आणि ते फार प्रेमाने बोलतात. शिष्यवृत्तीतून दशांश (दहावा हिस्सा) मागतात, घरच्या मंडळीला मेलेली म्हणतात, गोळ्या बंद कर म्हणतात, कॉलेज सोडून ‘सेवेला’ ये म्हणतात, लग्न कोणाशी हेही एकच पुढारी ठरवतो, आणि हे आईबापांना सांगू नकोस असंही सुचवतात. यातली कोणतीही एक गोष्ट ऐकलीस तरी जाणं थांबव आणि घरच्या पाळकांना फोन कर.

रविवारची ड्युटी लागेल, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नकोस. प्रभूने शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, आजाऱ्यांना बरं केलं आणि त्यावरून वाद ओढवून घेतला. पेशंटची पाठ पुसणं हे त्या दिवशीही त्याचंच काम आहे. ज्या रविवारी सुट्टी आहे त्याचा बाहेर जायचा पास बुधवारपर्यंत वॉर्डनकडे लेखी माग: नाव, खोली, कुठे, किती ते किती, चर्चच्या कार्यालयाचा नंबर. तोंडी मागितलेला पास शनिवारी रात्री विसरला जातो आणि मग भांडण होतं.

हॉस्टेलमध्ये गणपती बसेल, नवरात्रात आरती होईल. काय करायचं ते आधी ठरव, ऐन वेळी नाही. दानीएलाचा पहिला अध्याय यासाठी पुन्हा वाच. बाबेलात धरून नेलेल्या दानीएल आणि त्याच्या तीन सोबत्यांची नावं बदलली, खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, विद्या आणि भाषा त्यांना शिकावी लागली. हे त्यांनी घेतलं. रेघ एकाच जागी ओढली, राजाच्या ताटापाशी. तीही भांडून नाही. दानीएलाने अधिकाऱ्याला विनंती केली, आणि त्याला अडचण वाटली तेव्हा मार्ग सुचवला: दहा दिवस भाजी आणि पाणी देऊन पाहा. म्हणजे सगळ्यालाच नाही म्हणायचं नाही, आणि जिथे म्हणायचं तिथे समोरच्याची अडचण समजून. रांगोळी काढायला, खुर्च्या लावायला, सगळ्यांबरोबर जेवायला तू जा. आरतीच्या वेळी मागे शांत उभी राहा किंवा खोलीत ये. प्रसाद घ्यायचा की नाही यावर ख्रिस्ती माणसांत पौलाच्या काळापासून मतभेद आहेत (१ करिंथकरांस ८ आणि १०). घरी जी शिस्त आहे ती पाळ, नको असेल तर हात जोडून “नको गं” म्हण, प्रवचन देऊ नकोस.

दाखल्याचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळणं बरं नाही. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती माणसाला नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून मेळघाटातल्या कोरकू ख्रिस्ती मुलांचा प्रश्न वेगळा आणि तुझा वेगळा. तुझ्या दाखल्यावर काय लिहायचं हे तू ठरवलेलं नाहीस, ते आईवडिलांनी त्यांच्या परिस्थितीत केलं. त्याचं ओझं एकटीने वाहू नकोस, पण ते कायमचं झाकूनही ठेवू नकोस. सुट्टीत घरी गेलीस की शांतपणे विचार, आपण कोणत्या प्रवर्गातून प्रवेश घेतला, पडताळणी झाली का, आता खरं काय लिहायला हवं. कायद्याचा सल्ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ऐकीव माहितीवर किंवा एजंटच्या बोलण्यावर काहीही भरू नकोस. यात पैशाचं नुकसान होऊ शकतं आणि निर्णय घरच्यांबरोबरच व्हावा लागेल. मात्र तुझा बाप्तिस्मा त्या कागदावर अवलंबून नाही.

घरचा फोन रोज पंधरा मिनिटं, संध्याकाळी, जेवणाआधी. रात्री अकराला केलास की दोन्हीकडे रडणं होतं आणि आईची झोप जाते. रविवारी आठ वाजता फोन स्पीकरवर ठेवून घरची प्रार्थना ऐक, एक गीत बरोबर म्हण. आणि ‘जेवली का’ला ‘हो’ म्हणून सोडू नकोस. वेचणी लागली का, मजूर मिळाले का, सोयाबीन काय भावाने गेलं, हे विचार. आपण अजून त्या घरात आहोत हे अशा विचारण्यातून दोघांनाही लागतं.

दुसरीकडे, बॅग रिकामी कर. तीन महिने झाले तरी कपडे बॅगेतूनच काढतेस, असं लिहिलंस. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्या पुस्तकाच्या २९ व्या अध्यायात बाबेलात नेलेल्यांना पत्र लिहिलं, घरं बांधा, मळे लावा, त्या नगराचं हित बघा. त्यांना तिथे सत्तर वर्षं काढायची होती, तुला चार. कपडे कपाटात लाव, खिडकीत गवती चहाची कुंडी ठेव, भाजीवाल्या मावशीचं नाव विचार. भरलेल्या बॅगेजवळ झोपणारं मन गावाकडच्या परतवाड्याच्या स्टँडवरच बसून राहतं.

एक गोष्ट मात्र विश्वासाच्या कमीजास्तीत मोजू नकोस. दोन आठवडे सलग झोप नाही, अन्न जात नाही, रोज रडू, अंघोळही नकोशी, किंवा मरावंसं वाटतं, असं असेल तर ते दुखणं आहे आणि त्यावर औषध आहे. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली ‘माझा प्राण घे’ म्हणत निजला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही (१ राजे १९). भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर. ‘जास्त प्रार्थना कर, जाईल’ म्हणणाऱ्याला हा अध्याय दाखव.

राहिला नाताळ. डिसेंबरात तुमच्या परीक्षा असतील, वेळापत्रक ऑक्टोबरातच विचारून घे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २३ डिसेंबरच्या अमरावती गाडीचं २४ ऑक्टोबरला, सकाळी आठला. नंतर ट्रॅव्हल्सवाले दुप्पट घेतात. २६ ला पेपर असेल तर जाऊ नकोस. शहरातल्या मंडळीच्या गाण्याच्या फेरीत नाव दे आणि २५ ला उपासनेनंतर कोणाच्या तरी घरी जेव. आणि रूममेटशी ते बोलणं झालं, ती नीट वागली आणि तिच्या घरून हो म्हणाले, तर तिचंही तिकीट त्याच सकाळी काढ. करंज्या करायला आईला दोन हात जास्तच लागतात.